अडून सुटलेल्यालाच ट्यूटर करा

आमच्या बेळगाव भागातल्या कॉलेजांत एक वाद अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी भलत्याच वळणावर जाऊन विझतो. कल्पना साधी आहे. वरच्या वर्गातल्या मुलामुलींना ‘पीअर ट्यूटर’ म्हणून नेमायचे आणि आठवड्यातून एक-दोनदा त्यांनी खालच्या वर्गाचा ग्रुप स्टडी चालवायचा. स्टाफरूममध्ये विषय निघाला की एक जण म्हणतो, ‘म्हणजे आता आमच्या जागेवर पोरं बसवणार.’ दुसरा म्हणतो, ‘हुशारांनी कच्च्यांना हात दिला तर बिघडलं कुठं? समाजसेवाच ती.’ तिसरा आवाज खाली आणून विचारतो, ‘ते सगळं मराठीतनं की कन्नडमधनं?’ मग पहिले दोघे आपापले मुद्दे विसरतात आणि चहा गार होईपर्यंत तिसऱ्याच्याच प्रश्नावर रण माजते. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हाच क्रम, फक्त शब्द जरा कडक.

मी वाणिज्य शिकवतो आणि मला तिघांचेही म्हणणे अपुरे वाटते. पीअर ट्यूटर हवेत, आणि सीमाभागात तर ते जास्तच हवेत, असे माझे मत आहे. पण ते शिक्षकांच्या बदली नकोत, गुणवत्ता यादीतून उचललेले नकोत आणि फुकटचे तर मुळीच नकोत. शिकवणे हे त्यांचे काम नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. शिकवणारे पुष्कळ आहेत. टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत ट्यूशनच्या पाट्या मोजत गेलात तर पाय दुखतील. चार जणांत बसून, जमेल त्या भाषेत, चुकतमाकत मोठ्याने विचार करायला मात्र आमच्या मुलांना जागा नाही. वर्गात चूक केली की हसे होते, घरी विचारायला कुणी नसते, आणि ट्यूशनमध्ये विचार करायला वेळ नसतो, तिथे उतरवून घ्यायचे असते.

पहिल्या आक्षेपात खरोखर वजन आहे, म्हणून तो आधी घेतो. कर्नाटकातल्या सरकारी पदवी कॉलेजांचा गाडा हजारो अतिथी व्याख्यात्यांच्या जिवावर चालतो, हे कुणापासून लपलेले नाही. दर वर्षी नेमणूक, दर वर्षी अनिश्चितता, मध्येच संप, मध्येच धरणे. सेमिस्टर सुरू होऊन महिना झाला तरी एखाद्या विषयाला माणूसच नाही, असे प्रकार विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडले आहेत. अशा व्यवस्थेच्या हाती ‘विद्यार्थीच विद्यार्थ्यांना शिकवतील’ हे वाक्य दिले तर ती त्याचे काय करेल? उद्या एखादी जागा भरायची राहिली तर ‘ट्यूटर आहे ना’ असे उत्तर येणार नाही, याची हमी कोण देईल? ही भीती बाळगणाऱ्याला मी प्रतिगामी म्हणणार नाही. त्याने व्यवस्था जवळून पाहिली आहे.

इतिहासही त्याच्याच बाजूने साक्ष देतो. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेचा कारभारी झाला. जवळच्या एका देशी शाळेत त्याने पाहिले, की मुले बोटाने वाळूत अक्षरे गिरवताहेत आणि थोडी मोठी मुले लहानांना शिकवताहेत. आपल्याकडच्या धूळपाटीचाच तो भाऊबंद. बेलने ती रीत आपल्या शाळेत आणली, १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तिका छापली, आणि गावठी शाळेतली ही युक्ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून विलायतेत मिरवू लागली. जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये अशीच शाळा काढली आणि एक मास्तर हजार मुलांना पुरा पडेल, असा दावा केला. हजार मुले आणि एकच पगार! सरकार, धर्मसंस्था, देणगीदार सगळ्यांना ही पद्धत आवडली यात नवल ते काय? पुढे तिचे जे व्हायचे ते झाले. मॉनिटर मुलगा पाठ केलेले पुढच्याला पाठ करायला लावायचा, पुढचा त्याच्या पुढच्याला. प्रश्न विचारायला कुणी थांबत नव्हते, कारण प्रश्नाचे उत्तर मॉनिटरकडेही नव्हते. १८४६ साली इंग्लंडच्या सरकारला पगारी उमेदवार-शिक्षकांची योजना काढावी लागली आणि मॉनिटरांची सद्दी ओसरत गेली.

मुलांनी मुलांना शिकवल्यामुळे ही पद्धत बुडाली, असा निष्कर्ष आपल्या स्टाफरूममधला पहिला गृहस्थ काढील. मला तो पटत नाही. वाळूत बोट फिरवणाऱ्या त्या शाळेतही मुलेच मुलांना शिकवत होती आणि तिथे ते चालत होते. विलायतेत गेल्यावर बदलला तो हेतू. मास्तराचा पगार वाचवायचे साधन म्हणून मॉनिटर वापरला गेला, त्याच्यावर पूर्ण धडा लादला गेला, आणि धडा लादला की पाठांतराशिवाय त्याच्याजवळ दुसरा उपाय उरला नाही. म्हणून आपल्याकडे ट्यूटर नेमायचे असतील तर पहिली अट कागदावर हवी: ट्यूटरचा एकही तास शिक्षकाच्या तासात मोजला जाणार नाही, त्याच्याकडे सिलॅबसचा एकही युनिट सोपवला जाणार नाही, हजेरी आणि इंटर्नलचे गुण यांच्याशी त्याचा संबंध असणार नाही. ज्या विषयाला शिक्षकच नाही त्या विषयाला ट्यूटरही नाही. ही अट मान्य नसेल तर मीही पहिल्या गृहस्थाच्या बाजूला जाऊन बसेन.

मग ट्यूटरने करायचे काय? याचे आजवरचे सर्वांत नेटके उत्तर १९७३ साली अमेरिकेत, कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठात मिळाले. डिॲना मार्टिन या बाईंनी तिथे ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ नावाची पद्धत बसवली. तिच्या मुळाशी असलेला फरक मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी कच्चे विद्यार्थी शोधले नाहीत, अवघड विषय शोधले. ज्या विषयात तीस टक्के किंवा त्याहून अधिक मुले नापास होतात, जेमतेम निघतात किंवा मध्येच विषय सोडतात, तो विषय धरायचा आणि त्याच्या सगळ्या विद्यार्थ्यांना दार उघडे ठेवायचे. म्हणजे त्या खोलीत शिरणाऱ्याच्या कपाळावर ‘ढ’ लिहिलेले नसते. आपल्याकडे यूजीसीच्या योजनेतले रेमेडियल क्लास वर्षानुवर्षे होते. त्यांत मुले का बसत नव्हती, याचे उत्तर त्या नावातच होते. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या कागदांनी तर ‘स्लो लर्नर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ अशा दोन रांगाच आखून दिल्या. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या पायाने चालत जाऊन स्लो लर्नरच्या रांगेत कोण उभा राहील?

त्या पद्धतीतला ट्यूटर तोच विषय आधी चांगल्या रीतीने पास झालेला असतो, तरी ज्युनिअरांच्या वर्गात पुन्हा जाऊन बसतो. ही अट आपल्याकडे चैनीची वाटेल, पण गेल्या काही वर्षांतला गोंधळ आठवून पाहा. २०२१-२२ ला कर्नाटकात नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला, २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी. एकाच कॉलेजात सिनियरचा पेपर वेगळा, ज्युनिअरचा वेगळा, विषयाचे नाव तेवढे सारखे. जुन्या झेरॉक्स नोट्सच्या जोरावर ट्यूटरगिरी करणारा अशा वेळी मुलांना खड्ड्यात घालेल. तो वर्गात बसलेला असेल तर आज सरांनी काय घेतले, कुठे घाई केली, कुठल्या ओळीवर सगळ्यांची पेने थांबली, हे त्याला ठाऊक असते. सत्रात तो पुन्हा लेक्चर देत नाही. मुले काय करताहेत ते बघतो आणि विचारतो.

हे बोलायला सोपे आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. बी.कॉम.च्या मुलांचा एक घोळका लायब्ररीमागच्या ओट्यावर कॉस्टिंगचे गणित घेऊन बसला होता. प्रोसेसमध्ये १,००० युनिट घातले, एकूण खर्च २०,००० रुपये. नॉर्मल लॉस (कामात नेहमी होणारी, आधीच धरलेली घट) दहा टक्के, म्हणजे १०० युनिट, आणि ते भंगारात दोन रुपयांनी जातात. हाती आले ८५० युनिट. तर ॲबनॉर्मल लॉसची, म्हणजे त्यापलीकडे वाया गेलेल्या मालाची, किंमत किती? एका मुलाने २०,००० ला १,००० ने भागून वीस रुपये युनिट काढले आणि पुढे निघाला. शेजारी अंतिम वर्षाची एक मुलगी होती. ती त्याला चूक म्हणाली नाही.

‘हजारनं भागलास कशाला?’

‘घातलंय हजार, मग कशानं भागू?’

‘कुंदा करताना भट्टीवर दूध आटतंय की नाही? ते आटलेलं कुणाच्या अंगावर पडतंय?’

‘गिऱ्हाइकाच्या. ते धरूनच तो भाव लावतोय.’

‘आणि भट्टीवरचं पोरगं मोबाईल बघत बसलं, दूध उतू गेलं तर?’

‘ते मालकाच्या.’ तो थांबला. मग स्वतःच म्हणाला, ‘म्हणजे ते शंभर सोडून भागायचं?’

त्याने २०,००० मधून भंगाराचे २०० वजा केले, उरलेल्याला ९०० ने भागले, बावीस आले. पन्नास युनिटचे अकराशे रुपये ॲबनॉर्मल लॉस खात्याला. हेच सूत्र मी त्या आठवड्यात फळ्यावर लिहिले होते आणि सगळ्यांनी वहीत उतरवूनही घेतले होते. नॉर्मल लॉसचा खर्च चांगल्या युनिटांनी का सोसायचा आणि ॲबनॉर्मलचा का नाही, हे मात्र भट्टी आणि मालक डोळ्यांसमोर आल्यावरच त्या मुलाला कळले. त्याला ते कुणी सांगितलेही नाही. तिने तीन प्रश्न विचारले आणि गप्प बसली. हे गप्प बसणे फार अवघड असते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची निरीक्षणे केली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे तिला आढळले. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब होतात, न बोलणारी मुले बोलतात. आम्ही प्राध्यापक लोक तीन सेकंद थांबलो तर आम्हाला वाटते तास वाया गेला.

आता अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या ट्यूटरचा मुद्दा. ‘त्यालाच नीट येत नसेल आणि त्याने चुकीचे पढवले तर?’ खरे आहे, असे होईल. सिनियरच्या अधिकाराने सांगितलेली चूक पुस्तकातल्या चुकीपेक्षा चिवट असते, कारण ती मित्राच्या तोंडून आलेली असते. पण हा आक्षेप घेणारे आजची स्थिती निर्दोष आहे असे गृहीत धरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत काय चालते? तिथे सिनियर पढवत नाहीत का? गाईड आणि यूट्यूबवरचा वीस मिनिटांचा व्हिडिओ यांना कोण तपासते? पीअर ट्यूशन आजही चालूच आहे, फक्त ती अंधारात चालते आणि तिच्यावर कुणाची नजर नसते. तिला उजेडात आणून विषयाच्या प्राध्यापकाशी बांधले, आणि ‘हे मला माहीत नाही, सरांना विचारून परवा सांगतो’ हे वाक्य ट्यूटरच्या कामाचाच भाग ठरवले, तर चुका कमीच होतील. शिवाय जाणकाराचा एक दोष नवशिक्यात नसतो. ज्याला एखादी गोष्ट वीस वर्षे येते आहे, त्याला ती न येणे म्हणजे काय हे आठवत नाही. गेल्या वर्षी तिथेच अडकलेल्या मुलीला ते चांगले आठवत असते.

म्हणूनच दुसऱ्या गृहस्थाशी माझे भांडण पहिल्यापेक्षा मोठे आहे. ‘हुशारांनी कच्च्यांना हात द्यावा’ हे ऐकायला गोड आहे, पण त्यातून निवड चुकते. कॉलेजात ट्यूटर नेमायचे ठरले की ऑफिसमधून मेरिट लिस्ट मागवली जाईल आणि पहिली पाच नावे लिहिली जातील. टॉपर हा चांगला ट्यूटर असेलही. पण पुष्कळदा तो असा असतो की गणित बघताच त्याला उत्तर दिसते आणि समोरच्याला ते का दिसत नाही हेच त्याला दिसत नाही. माझ्या मते उमेदवाराला टक्के विचारण्याआधी एवढेच विचारावे: या विषयात तू कुठे अडला होतास आणि कसा सुटलास? पहिल्या सेमिस्टरला बॅक राहून दुसऱ्या खेपेला साठ गुणांनी निघालेली मुलगी या प्रश्नाला दहा मिनिटे उत्तर देईल. पास होताना विषय नीट पक्का झालेला असावा ही अट हवीच; दया म्हणून कुणाला नेमायचे नाही.

आणि कच्चे म्हणजे कोण? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस युरी ट्राइसमन हा गणिताचा संशोधक हाच प्रश्न घेऊन बसला होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने मार खात होते. प्राध्यापकांना कारणे ठाऊक होती: तयारी कमी, इच्छा कमी, घरचा पाठिंबा कमी. आपल्याकडच्या स्टाफरूममध्येही ग्रामीण मुलांबद्दल हेच तीन ‘कमी’ ऐकू येतात. ट्राइसमनने त्या मुलांच्या आणि चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मागे मागे राहून ती अभ्यास कसा करतात ते पाहिले. कष्टात कुणी मागे नव्हते. फरक असा दिसला, की चिनी मुले स्वतःचा अभ्यास झाला की एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासत, आणि कृष्णवर्णीय मुले आपापल्या खोलीत एकटी झुंजत. त्याने मग गट बसवले, पण त्यांना सोपी उजळणी दिली नाही. नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली आणि गटाला मानाचे नाव दिले. निकाल पालटला.

खानापूर तालुक्यातल्या मुलाकडे या नजरेने पाहा. सकाळी जांबोटीकडून किंवा नंदगडकडून बसने यायचे, दुपारी परतीची बस धरायची, घरी पोचल्यावर गुरे, शेत, लाईट आहे-नाही. रात्री पुस्तक उघडले तर शेजारी विचारायला कुणी नाही. तो एकटा झुंजतो आहे. जुन्या पिढीला ही अडचण कळलेली होती. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली, त्यांनी खेड्यातल्या मुलाला छप्पर आणि जेवण दिले, आणि सोबत अभ्यास करणाऱ्यांची संगतही दिली. बस-पासाच्या सोयीने आमचा विद्यार्थी घरी राहून शिकू लागला हे चांगलेच झाले, पण त्यात संगत सुटली. तिची भरपाई करायचा विचार कुणी केला नाही.

आता तिसरा प्रश्न, ज्याच्यावर चहा गार होतो. तो प्रश्न मूर्खपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या मराठी माणसाला भाषेच्या बाबतीत जे भोगावे लागले त्यातून हा संशय आलेला आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी रास्तच आहे. घटनेच्या ३५० अ कलमात मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली आहे, पण ती प्राथमिकपुरतीच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स-कॉमर्स घेतो आणि एका सुट्टीत त्याची भाषा बदलते. पदवीला पोचेपर्यंत तो इंग्रजीत लिहायला शिकलेला असतो, पण इंग्रजीत विचार करायला नाही. आणि मराठीत विचार करायची सवय कुणी चालू ठेवलेली नसते. दोन्हीकडून सुटलेला असा तो मुलगा पाठांतराकडे वळला नाही तरच आश्चर्य.

म्हणून सत्र मराठीतूनच हवे, असा आग्रह धरणारे माझे मित्र आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो, की बैलहोंगलकडून आलेल्या कन्नड माध्यमाच्या मुलीची स्थिती वेगळी आहे का? तीही त्याच इंग्रजी पानावर, त्याच परिच्छेदाला अडलेली असते. कँटीनमध्ये ही दोघे एका टेबलावर बसतात, तो मराठीत बोलतो, ती कन्नडमध्ये उत्तर देते, मध्ये इंग्रजी शब्द येतात आणि कुणाचे काही अडत नाही. तेच टेबल ग्रुप स्टडीच्या खोलीत नेले की आपण लगेच त्याचे माध्यम विचारायला लागतो. ते टेबल म्हणजे काही सरकारी कचेरी नव्हे. सर्क्युलरमध्ये भाषेचा रकाना ठेवूच नका. मुले परीक्षेत इंग्रजीत लिहिणार आहेत. तिथवर पोचायची वाट त्यांची त्यांना धरू द्या.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो मला एका सहकाऱ्याने ऐकवला: रकाना ठेवला नाही तर जी भाषा जोरात आहे तीच चालेल, आणि ती मराठी नसेल. हे मला मान्य करावे लागते. न लिहिलेला नियम नेहमी बलवानाच्या बाजूचा असतो. त्यावर उपाय गट वेगळे करण्यात नाही, ट्यूटर निवडण्यात आहे. प्रत्येक गटाला दोन ट्यूटर असावेत, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीसारख्या ठिकाणी त्यांतल्या एकाला मराठीत सहज समजावता यावे, एकाला कन्नडमध्ये. कोल्हापूरची वसतिगृहे समाजवार होती; ज्यांना शाळेचे दारच नवीन होते त्यांना आपल्या माणसांत आधी पाय रोवू देणे तेव्हा गरजेचे होते. पण त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात शाहूंच्याच नावाने बोर्डिंग काढले ते सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे. शंभर वर्षांपूर्वी जातीच्या बाबतीत जे जमले ते आज भाषेच्या बाबतीत एका टेबलापुरतेही जमू नये?

भाऊरावांचे नाव आलेच आहे तर पैशांचेही बोलून घेऊ. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची शिकवण आम्ही भाषणांत वापरतो आणि मुलांना काम सांगायची वेळ आली की ‘सर्टिफिकेट देऊ’ म्हणतो. फुकटच्या कामाने सेवाभाव जपला जातो आणि पैसे आले की मैत्रीत व्यवहार शिरतो, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला समजतो. पण फुकट काम कुणाला परवडते? ज्याच्या घरी चहापासून फीपर्यंत सगळे भागते त्याला. वडगावात घरच्या मागावर हात लावणारी मुलगी, लग्नसराईत कॅटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जाणारा मुलगा, संध्याकाळी खडे बाजारातल्या दुकानात उभा राहणारा मुलगा, यांना आठवड्याचे चार तास फुकट द्या म्हणणे म्हणजे त्यांना या कामातून वगळणेच. आणि अडून सुटलेली माणसे तर नेमकी याच घरांत सापडतात. मानधन थोडे असले तरी असावे आणि महिन्याच्या महिन्याला मिळावे.

वेळेचेही तसेच. सत्र साडेपाचला ठेवले की खेड्यातल्या मुली संपल्याच. ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचे तिकीट पडत नाही हे खरे, पण तिकीट माफ झाले म्हणून शेवटची बस उशिरा सुटत नाही. दुपारच्या मोकळ्या तासाला, टाइमटेबलात छापलेल्या खोलीत सत्र व्हायला हवे. हे प्राचार्यांच्या हातातले आहे, त्याला विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

मला खरी धास्ती आहे ती नॅकची. नॅकचे मूल्यांकन असेल त्या वर्षी ही योजना एकदम फुलेल, जिओटॅग फोटो निघतील, बॅनरवर पाहुण्यांची नावे येतील, हजेरीचे रजिस्टर एका बैठकीत एकाच पेनाने भरले जाईल. मूल्यांकन उरकले की खोलीला कुलूप. हे टाळायला एक साधे पथ्य आहे: पहिल्या वर्षी एकच विषय धरायचा. मागच्या तीन सेमिस्टरचे निकाल रोल नंबरप्रमाणे न बघता विषयवार बघावेत, सर्वांत जास्त मुले जिथे आपटली तो पेपर काढावा आणि तेवढ्यालाच दोन ट्यूटर द्यावेत. बाकी सगळे नंतर.

ज्या मुलामुलींच्या मनात ट्यूटर व्हायचे आहे त्यांना हेही सांगायला हवे, की पहिले काही आठवडे दोन-तीन टाळकी येतील, त्यांतला एक तुमचा मित्र म्हणून आलेला असेल. स्वतःचा अभ्यास मागे पडेल असे वाटेल. तो पडत नाही, कारण दुसऱ्याच्या ‘का?’ला तोंड देताना स्वतःचे कच्चे कोपरे दिसतात, पण तसे वाटेल खरे. मग इंटर्नलच्या आदल्या दिवशी खोली गच्च भरेल आणि सगळे एका सुरात ‘इम्पॉर्टंट’ मागतील. त्या दिवशी पाच प्रश्नांची यादी दिली की ट्यूटर संपला आणि गाईड सुरू झाले; पुढच्या महिन्यात कुणी विचार करायला येणार नाही, यादी न्यायला येईल. नाही म्हणायचे कसे, त्याच दिवशी जुन्या पेपरातला एक प्रश्न घेऊन सगळ्यांना कामाला लावायचे कसे, याची तालीम विषयाच्या प्राध्यापकाने सेमिस्टर सुरू होण्याआधी ट्यूटरजवळ बसून करून घ्यावी लागेल. आणि त्या बसण्याचे तास त्याच्या वर्कलोडमध्ये धरणार की नाही, हे कॉलेजने आधी लेखी द्यावे. मग भाषेवर काय भांडायचे ते भांडू.